आमेनच्या आधी
चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनेला आम्ही सातच जण, सगळे साठीपुढचे, बाकांवर कोपरं टेकून गुडघ्यांवर होतो. गावची पोरं इटलीला कामाला गेल्यापासून प्रार्थना चालवणारे बंधू गाव्रिल एकच मागणं मागतात: "प्रभू, आमच्या मंडळीत तरुण पाठव." तेही अर्धा तास. आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, ही शिस्त. आज मध्येच दाराची कडी वाजली. मी बोटांच्या फटीतून पाहिलं. नव्या शिक्षिकेची मुलगी आणि तिचे दोन मित्र उंबऱ्यात अवघडून उभे होते. कुणीच बघेना. गाव्रिल तर आत्ता कुठे बायबलच्या सुरुवातीच्या नोहाच्या तारवापर्यंत पोचले होते. मुलीचा हात पुन्हा कडीवर गेला. ती परत निघाली होती. "आमेन," मी जोरात म्हटलं. सगळ्यांनी सवयीनं "आमेन" म्हणून डोळे उघडले. गाव्रिल चिडले, "विओरिकाबाई, माझी प्रार्थना अर्धीच राहिली." "उरलेली दारात उभी आहे," मी म्हटलं. "उठा."