पहिला श्रोता

कुंदावहिनींनी इडलीच्या पिठाचं पातेलं परचुरेकाकांच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला चिकटवून ठेवलं. "थंडीत पीठ फुगतच नाही हो. तुमचं हे खोकं शेगडीसारखं तापतं म्हणून बरं!"

"वहिनी, जरा हेडफोन लावून बघता? वर्षभर खपून घरी बनवलेत. आतला पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

"उद्या नक्की!" म्हणत वहिनी जिना उतरल्यासुद्धा.

हा उद्या दिवाळीपासून चालू होता. वाण्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना आग्रह करून झाला होता. काकांनी पातेल्याकडे पाहिलं. ते कुठेच निघालेलं नव्हतं. त्यांनी हेडफोन ताणून पातेल्याला चढवले, तबकडी लावली आणि समोर खुर्ची ओढून बसले. "आता तान येईल हं. सावकाश ऐका."

सकाळी वहिनी आल्या, तर पीठ झाकण ढकलून बाहेर आलेलं आणि थेट हेडफोनच्या पडद्यात शिरलेलं.

"अगंबाई! वर्षाची मेहनत गेली की हो काका!"

"असू दे," पीठ निपटत काका म्हणाले, "शेवटच्या तबकडीपर्यंत बसलं होतं बिचारं."