मुख्याध्यापकांचं रॉकेट

विज्ञानाच्या बाई सातवीच्या मुलांना प्लॅस्टिकच्या डबीत फसफसणारी गोळी टाकून रॉकेट उडवायला शिकवत होत्या, तेव्हा मुख्याध्यापक दारातूनच खेकसले, "बाई, शाळा आहे ही, सर्कस नव्हे!" उरलेल्या गोळ्या त्यांनी स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केल्या.

महिन्याभरानं शिक्षणाधिकारी येणार म्हटल्यावर त्याच गोळ्या बाहेर निघाल्या. बाईंना ऑफिसात हजेरीपट जुळवायला बसवलं आणि मैदानात रांगेत बसवलेल्या सातवीच्या मुलांसमोर टेबल मांडून हे महाशय कडक इस्त्रीत उभे राहिले. "साहेब, कल्पना माझीच. तीन वर्षं डोकं लढवतोय यावर. आमच्या स्टाफला असलं काही सुचत नाही हो!"

मग त्यांनी ऐटीत डबीत गोळी टाकली, झाकण दाबलं, डबी उलटी ठेवली आणि चार पावलं मागे सरकून कानांत बोटं घातली. दोन मिनिटं झाली तरी डबी ढिम्म. "दुकानदारानं गोळ्याच बोगस दिल्यात," ते साहेबांकडे बघून ओशाळं हसले.

 

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आधी डबीत पाणी घालायचं असतं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."