क्रिप्टॉनचं उत्तर

“क्रिप्टॉन संयुग बनवत नाही, असं कोण म्हणतं?” पाटील सर खुर्चीतून अर्धे उठलेच.

“पेपर तपासणारे म्हणतात, सर,” प्रीती म्हणाली. “मी लिहिलेलं, फ्लोरीनशी बनवतो. क्रिप्टॉन डायफ्लोराइड. शून्य दिलं.”

एका गुणाने तिचा विषय राहिला होता. बाकी पेपर कसाही गेला असो, हे उत्तर पक्कं होतं. शहाडच्या या कॉलेजात नावावर पट्टी चिकटवून पेपर तीन शिक्षकांत वाटले जातात. कुणाचा पेपर कुणी तपासला, कुणालाच कळत नाही. फेरतपासणीच्या अर्जावर मात्र विषयशिक्षकाचं, म्हणजे पाटील सरांचंच, मत लागतं, आणि मुदत आज पाचपर्यंतच होती. विठ्ठलवाडीहून निघताना वडील म्हणाले होते, “सरांशी पंगा नको घेऊ गं. परत बस परीक्षेला.” प्रीती कसली ऐकतेय!

“पण सर, ते संयुग टिकत नाही ना?” तिने मुद्दाम विचारलं.

“नाही टिकत, म्हणून काय झालं?” सर कडाडले. “खूप गार ठेवलं तर टिकतं, नाहीतर मोडतं. अगं, पण मोडायला आधी असावं लागतं! नमुना उत्तर बघून भराभर फुल्या मारत सुटलाय कुणीतरी. आण तो अर्ज.”

त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं : ‘उत्तर बरोबर आहे. तपासणाऱ्याने ते न वाचताच शून्य दिले आहे.’ खाली झोकात सही ठोकली.

“आता दाखव पेपर. बघू दे, कुठला गाढव आहे तो.”

प्रीतीने बॅगेतून झेरॉक्स काढली. लाल फुली काळी आली होती, पण तिची लांब शेपूट लपत नव्हती. तीच फुली वर्षभर प्रीतीच्या जर्नलवर पडत आली होती.

सरांनी त्या शेपटीवरून बोट फिरवलं.

“हा आधी का नाही दाखवलास?”

“आधी दाखवला असता, तर सही केली असती, सर?”

सरांनी अर्ज ओढून घेतला. प्रीतीने नजर खाली घेतली नाही.

सरांनी पेन उघडलं, ‘तपासणाऱ्याने’ हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘मी’.