गावदेवीपुढचा नारळ

मुंबईच्या एका गिरणीने खास हॉकी खेळायला नोकरीवर ठेवलेल्या गड्यांत पनवेलचे दोघे होते. त्यातला बळीराम पाय मोडून घरी आला आणि प्लास्टर घातलेला पाय ओट्यावर पसरून बायकोसोबत सुकट निवडत बसू लागला. संघातला एकेक गडी असा जायबंदी होत गेला, तशी दुसऱ्या गड्याला, बुधाजीला, सुट्टीच मिळेना. शिमग्यालाही तो आला नाही.

"नशीब काढलंस गो भामे, तुझा धडधाकट हाय!" बळीरामाची हौसा म्हणाली, तेव्हा बुधाजीच्या भामाचा नुसता जळफळाट झाला.

सासूने गावदेवीपुढे नारळ ठेवला. "आये, माझ्या बुधाजीला खरचटूसुद्धा देऊ नको."

मागे उभ्या भामाने डोळे मिटून हळूच हात जोडले. "आये, म्हातारीचं ऐकू नको. मी फार नाय मागत. बळीरामासारखा एकच पाय."