बिनजाहिरातीचा देवमन

देवमननं टॅबलेट गुडघ्याला टेकवून उभा केला आणि मागून विनोदचा आवाज आला, "गप बसा रे, आता रमीवाली बाई येते." ग्रामसभा हसली. सरपंच धनराजही हसले, पण पदाला शोभेल एवढंच.

हसायला कारण होतं. गळ्याच्या ऑपरेशनात देवमनचा आवाज गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तो टॅबलेटवर लिहायचा आणि टॅबलेट ते बोलून दाखवायचा. टॅबलेट दुकानातला सगळ्यात स्वस्त, त्यामुळे कंपनीनं त्यात जाहिराती कोंबूनच पाठवलेला. मागच्या ग्रामसभेत देवमन मागच्या ओळीतल्या चौदा घरांच्या नळाबद्दल सांगायला बसला. "आमच्या घरापर्यंत पाइप" एवढं बोलून झालं आणि एक बाई मधेच हिंदीत ओरडली, रमी खेळा, लाखो जिंका. लोक पोट धरून हसले. ती बाई गेली तर टॅबलेट अपडेट व्हायला बसला. तो जागा होईपर्यंत सरपंचांनी चहा सांगून सभा संपवली होती. नळ राहिला तो राहिलाच, पण देवमनला ते हसू जास्त लागलं. कारंज्याच्या बाजारात तीस वर्षं हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, पुकारणारा माणूस तो. त्याच्या आवाजावर आख्ख्या तालुक्याची तूर विकली गेली होती, आणि आता त्याच्या तोंडून रमी बोलत होती.

दुसऱ्याच दिवशी तो अश्वजितच्या ऑनलाइन सेंटरवर जाऊन बसला. लोकांचे सातबारे काढून देणाऱ्या अश्वजितनं आधीच सांगून टाकलं की कंपनी असलं काही करू देत नाही. देवमननं वहीत लिहून त्याच्यापुढे सरकवलं, "टॅबलेट कंपनीचा हाय का माहा?" अश्वजितनं ते दोनदा वाचलं आणि आपली वायर काढून दिली.

मग अडीच महिने तेच. सेटिंगमध्ये आत आत जाऊन एका नंबरावर सात वेळा बोट मारलं की बंद कप्पे उघडतात, हे देवमनला तिथं कळलं. कॉम्प्युटरला वायर जोडून, एकेक इंग्रजी ओळ बघून बघून टाइप करत त्यानं जाहिराती दाखवणारी ॲपं झोपवली. एकदा चुकून कीबोर्डच झोपवला आणि घरात दोन दिवस त्याचा एक शब्द उमटला नाही. बायकोला, गंगूला, ती शांतता मुळीच आवडली नाही. विचारल्याशिवाय अपडेट घ्यायचं नाही, असं त्यानं टॅबलेटला बजावून ठेवलं. मराठी बोलणारा बाईचा आवाज आतच उतरवून घेतला, म्हणजे नेट बंद असलं तरी अडायला नको. शेवटी पडद्यावर फक्त मोठी मोठी बटणं उरली, नेहमी लागणाऱ्या वाक्यांची. त्यातलं "चहा मांड" हे बटण गंगूनं काढायला लावलं.

आता सभेत देवमननं पहिलं बटण दाबलं. टॅबलेटमधली बाई गळ्यानं शहरातली, पण बोलली देवमनच्या बोलीत.

"मागच्या चौदा घराले नळ नाई. पाइप आले, ते पंचायतीच्या मागं पडून हायेत. आमच्या बाया अजून विहिरीवरून पाणी आनून राह्यल्या."

लोक वाट बघत होते. विनोदनं तर हसू तयारच ठेवलं होतं. बाईनं पाइप किती फूट लागेल ते सांगितलं, कोणाच्या दारावरून जाईल ते सांगितलं, कोणत्या सभेत कोणी काय कबूल केलं होतं तेही सांगितलं. रमी आली नाही. अपडेटही आलं नाही. विनोदचा चेहरा हळूहळू सरळ झाला.

धनराजनी घड्याळ पाहिलं. "देवमनभाऊ, लेखी द्या ना तुमी. कायले तरास करून घेता?" असं म्हणून ते उठायला लागले.

देवमननं दुसरं बटण दाबलं. "माह्यं बोलनं अजून सरलं नाई," बाई म्हणाली. आवाज त्यानं पार वर नेऊन ठेवला होता. धनराज परत बसले.

मग देवमन उभा राहिला. बाजारात मालाच्या ढिगाजवळ उभा राहून हात वर करायचा, तसा त्यानं टॅबलेट डोक्याच्या वर धरला आणि अंगठ्यानं अगदी खालचं बटण दाबलं. हे बटण त्यानं गंगूलाही दाखवलं नव्हतं.

"चौदा घराले नळ द्याचा ठराव. कोनाची हरकत? एक वार."

सभेतल्या जवळजवळ प्रत्येकानं कधी ना कधी आपला माल याच पुकाऱ्यावर विकला होता. माना आपोआप वर झाल्या. बायकांच्या ओळीत गंगू डोळ्यांतलं पाणी न पुसता नवऱ्याकडे बघत होती, आणि आपल्याला कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती.

"दोन वार."

धनराजनी सभेवरून नजर फिरवली. एकही हात वर नव्हता. त्यांनी ग्रामसेवकाला मान हलवून खूण केली आणि ग्रामसेवकानं पेनाचं टोपण काढलं.

तिसऱ्या वाराला देवमनचा अंगठा बटणावर गेलाच नाही. तीस वर्षांच्या सवयीनं त्याचं तोंडच उघडलं. आवाज निघाला नाही.

मागून विनोद उभा राहिला आणि चार शेतांपलीकडे ऐकू जाईल एवढ्या खड्या आवाजात म्हणाला, "तीन वार."