धुतलेली मुळं

लेक गौरवीचं लग्न झालं त्या वर्षीच्या आषाढात, लावणीच्या दिवशी, गोकुळदास बांधावर टब घेऊन बसला होता. टबात काळं पाणी होतं. भाताच्या रोपांची एकेक मूठ तो त्यात मुळांपुरती बुडवून उभी करत होता.

सुर्ल्याचा हा कुणगा, भाताचा एवढासा तुकडा, त्याच्या वडिलांनी कसलेला. डोंगरावरच्या खाणीचा गाळ ओहोळातून आत शिरला, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून इथे लावलेलं भात हिरवं राहत नव्हतं आणि कणसावर येत नव्हतं. पोत्यांनी खत घालून झालं होतं.

"काका, तुम्ही घातलेलं खत मातीतच आहे," शेतकी कचेरीतल्या प्रियाने सांगितलं होतं. "लोखंडाने ते धरून ठेवलंय. ह्या काळ्या पुडीत जिवाणू आहेत. ते खत सोडवून मुळांना देतात. पाण्यात कालवा, मुळं अर्धा तास बुडवा, आणि तशीच लावा. खतही अर्धंच लागेल." तिच्याकडे दोनच पुड्या उरल्या होत्या. दोन्ही तिने दिल्या.

अधिक महिन्यामुळे चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उशिरा होती. भाताला कणसं धरायला वेळ मिळणार, गोकुळदासला तेवढाच धीर होता. त्याच्या बायकोला, चंद्रावतीला तपासून डॉक्टर म्हणाले होते, "चवथीपर्यंत बघूया." आणि चंद्रावतीने नवऱ्याकडे एकच मागितलं होतं. यंदा चवथीला दारावर बांधायची नवी कणसं आपल्या कुणग्यातली हवीत. शेजाऱ्यांची नकोत.

"काका, रोपास्नी काजळ घालताय व्हय?" चिखलात वाकलेली शेवंता म्हणाली. ती कोल्हापूरकडची. एरवी बांधकामावर विटा उचलायची, लावणीच्या दिवसांत शेतात यायची. "दिष्ट लागंल म्हनून?"

"होय गो. तुका व्हया तर तुका पण घालतंय."

"नगं बाई. आमचा नवरा वळखायचा न्हाई."

ओहोळाच्या कडेला दगडावर बसलेली चंद्रावती हसली. तिला शाल गुंडाळून, हाताला धरून आणली होती. "माका खाटीर ठेवून तुमी लावणी करतलात? माका काय तरी काम द्या," असा तिने हट्टच धरला होता. म्हणून टबातून निघालेली रोपं टोपलीत घालून गोकुळदास तिच्याकडे सरकवत होता. तिने ती शेवंताला द्यायची, एवढंच काम.

दुपार होत आली तेव्हा कुणगा बहुतेक भरला होता. टबात सहा मुठी उरल्या होत्या. गोकुळदास पाठ सरळ करायला उठला आणि त्याची नजर ओहोळाकडे गेली.

दगडाच्या खालच्या अंगाचं पाणी काळं वाहत होतं.

चंद्रावतीच्या हातात रोपांची मूठ होती. ती शेंड्याला धरून मुळं पाण्यात खळबळत होती. मग अंगठ्याने चोळायची, पुन्हा खळबळायची. मुळं शेवयांसारखी पांढरीशुभ्र निघत होती.

"अगो, काय करतंस?"

"धुतंय. मुळांका खनिज लागलासा, तुमका दिसत नाय?" ती वर न बघता म्हणाली. "येक येक मूठ तीनदा धुतलंय. ह्या खनिजानच आमचा भात मारल्यान. परत तसाच घालतलात मातयेत?"

अकरा वर्षं ती हेच करत आली होती. खनिजाचे ट्रक धूळ उडवत गेले की भांडी पुन्हा धुवायची. तुळशीची पानं पुसायची. वाळलेले कपडे पुन्हा पाण्यात घालायचे. गौरवी शाळेतून आली की उंबऱ्याबाहेरच तिचे पाय धुवायची.

शेवंता कंबर धरून उभी राहिली. "आवं काकी, त्ये औषीद हाय न्हवं..."

गोकुळदासने हात वर केला. शेवंता थांबली.

त्याने टबाकडे पाहिलं. सहा मुठी. एका कोपऱ्यात लावल्या तरी तेवढ्यापुरतं भात येईल. दाराला बांधायला तेवढी कणसं पुरतात. फक्त बायकोला सांगायचं होतं, की ह्या धुवू नकोस. मग बाकीच्या मुठींबद्दलही सांगावं लागलं असतं.

चंद्रावतीने हात पुढे केला होता. "ती पण हय द्या. येकव मूठ तशी सोडूचंय नाय."

महिनाभरात ती इतका वेळ बसली नव्हती. बोटं पाण्याने सुरकुतली होती. पण तोंडावर रंग आला होता. लग्न होऊन आली तेव्हा ती अशीच लावणीला उतरायची, आणि बायकांत सगळ्यात पुढे असायची.

गोकुळदासने टबातली एक मूठ उचलली. काळं पाणी निथळू दिलं आणि ती तिच्या हातात ठेवली. तिने धुतली. त्याने दुसरी दिली. चौथ्या मुठीला तिला दम लागला, तेव्हा तो तिच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसला आणि तिचा श्वास खाली बसेपर्यंत थांबला. मग पाचवी दिली. मग सहावी.

शेवंताने तोंड फिरवलं आणि ती कुणग्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"आता येतली मां कणसां?" चंद्रावतीने विचारलं.

"येतली," गोकुळदास म्हणाला. "तुझ्या हातान धुतलली, येवक नको?"

चंद्रावती नागपंचमीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी गेली.