ट्यूबखालचा रंग
थेरगावातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये रोहिदासनं आत्याचं सागवानी कपाट आणलं. कुलपाजवळचं व्हिनीअर, म्हणजे वर चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा, उचकटलं होतं. “ताई, चीर लई जुनी हाय. आत्या उद्या लेकीकडनं येतीया, तिला कळाया नगं.” उघडं लाकूड हवेनं काळवंडतं, ही चीर आतून फिकट, म्हणजे ताजी होती. “जुनी असेल तर त्यांना माहीतच असेल ना? आत काय ठेवतात?” “तिच्या पाटल्या. असत्यात म्हणं. तुमी सुतार हाय का पोलीस?” मी नवा तुकडा बसवला, रंग चढवला. संध्याकाळी रोहिदासला ट्यूबखाली सांधा सापडेना. तो खूश झाला. “घरी कपाट कुठे असतं?” “उगवतीच्या खिडकीपाशी. का वो?” “सहज.” ट्यूबखाली जुळलेला हा रंग उन्हात हिरवट दिसतो, हे मी दुपारीच पाहिलं होतं. ती हिरवट झाक घालवायला लाल रंगाचा एक थेंब पुरला असता. मी लाल डबीचं झाकण घट्ट लावलं.